झिऱ्याचं पाणी

तुमसरच्या पश्चिमेला साधारण तेरा किलोमीटरवर, सातपुड्याच्या दक्षिणेकडच्या रांगेत आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण यानं तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे किल्ला नागपूरच्या रघुजी भोसल्यांकडे आला आणि तिथं तुरुंग झाला. बालेकिल्ल्यातल्या एका विहिरीचं साचलेलं, विषारी झालेलं पाणी बळजबरीनं पाजून इथं कैद्यांना मारलं जाई, असं सांगतात. जिल्ह्याच्या सरकारी माहितीतही ही गोष्ट आली आहे.

त्या विहिरीत नेमकं काय होतं, हे आता कुणी तपासू शकत नाही. पण साचलेल्या पाण्यानं माणूस मरू शकतो यात शंका नाही. उपसा थांबलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजतो, मेलेली जनावरं पडतात, पावसाबरोबर आजूबाजूची घाण उतरते. उन्हाळ्यात वर शेवाळाची साय धरते. त्या शेवाळातल्या निळ्या-हिरव्या जातींपैकी काही यकृतावर घाला घालणारं विष तयार करतात आणि हे विष पाणी उकळूनही जात नाही. आज आंबागडावर चढणाऱ्या तरुणाच्या सॅकमध्ये फिल्टर असेल, क्लोरीनच्या गोळ्या असतील, छोटी शेगडीही असेल. तरी हिरवी साय धरलेल्या पाण्याशी त्यानं जाऊच नये. ते पाणी शुद्ध करण्याची रानात करता येईल अशी भरवशाची रीत नाही.

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात बांधलेले तलाव पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेले, मालगुजारी संपल्यावर ते ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणून राहिले. त्यांच्या जोडीला गावोगावच्या बोड्या, नाले आणि मधोमध वाहणारी वैनगंगा. ज्या जिल्ह्यात जागोजागी पाणी दिसतं, तिथं फिरायला जाणारा माणूस पाण्याची काळजी करत नाही. धोका इथंच आहे. मामा तलावात म्हशी डुंबतात, कपडे धुतले जातात, बदकं उतरतात. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून सुटलेलं पाणी खत आणि फवारणीची औषधं घेऊन खाली येतं. जंतू मारता येतात. विरघळलेलं कीटकनाशक उकळीनं किंवा क्लोरीनच्या गोळीनं जाईल याचा भरवसा नाही. उलट पाणी उकळून आटलं की विरघळलेले क्षार अधिक दाट होतात. म्हणून शेतांच्या खालच्या अंगाचं पाणी भरण्यापेक्षा जंगलाच्या अंगानं आलेल्या नाल्यापर्यंत अर्धा तास अधिक चालावं. ती चाल फुकट जात नाही.

रानात पाणी पिणारे लोक ट्रेकिंग हा शब्द येण्याच्या फार आधीपासून इथं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबं, ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडून पाखरांपासून त्यांची राखण करत रानात मुक्काम ठोकणारे ढिवर, रोज मैलोन् मैल गस्त घालणारे वनरक्षक. या सगळ्यांचा दिवस कंबरेच्या बाटलीत मावत नाही. बाटली संपली की त्यांना आठवतो तो झिरा.

नागझिऱ्याच्या नावातच तो आहे. जंगलातलं नागाचं देऊळ आणि डोंगरातून बारमाही झिरपणारं पाणी, या दोहोंवरून हे नाव पडल्याचं सांगतात. व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला दाखवलेलं नागझिरा-नवेगावचं रान १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. जिल्हा फुटला आणि ते गोंदियाकडे गेलं. भंडाऱ्याकडे कोकाचं जंगल राहिलं. २०१३ मध्ये ते अभयारण्य झालं आणि त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं.

झिरा दोन प्रकारचा. एक डोंगराच्या कपारीतून आपोआप झिरपणारा. दुसरा माणसानं उकरलेला. नाल्याची धार आटत आली, नदीचं पात्र उघडं पडलं की धारेपासून काही हात दूर, कोरड्या दिसणाऱ्या रेतीत खड्डा करायचा. हातभर, कधी कंबरभर. तळाशी ओल लागते, मग पाणी जमू लागतं. पहिलं पाणी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं. दुसऱ्यांदाही टाकायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पाणी नितळ येतं. ते वाटीनं अलगद घेऊन कापडातून गुंडात ओतायचं. घाई केली की तळ ढवळतो आणि पुन्हा थांबावं लागतं. उन्हाळ्यात एका झिऱ्याभोवती चार जणी बसल्या असतील, तर प्रत्येकीला आपली पाळी येईपर्यंत पाणी भरू द्यावंच लागतं.

या साध्या खड्ड्यामागे जे शास्त्र आहे, त्यानं युरोपातली शहरं वाचवली. १८९२ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला कॉलऱ्याची मोठी साथ आली आणि साडेआठ हजारांवर माणसं मेली. त्याला लागूनच, एल्ब नदीच्या खालच्या अंगाला आल्टोना हे शहर होतं. हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळलेली नदी आल्टोनाकर पीत होते, तरी आल्टोना बचावलं. हॅम्बुर्ग नदीचं पाणी न गाळता देत होतं, आल्टोना ते रेतीच्या जाड थरातून सावकाश झिरपवून देत होतं. बारीक रेतीतून पाणी हळू उतरलं की गाळ अडतो. रेतीच्या वरच्या अंगाला सूक्ष्मजीवांचा एक चिकट थर धरतो आणि तो पलीकडून येणाऱ्या जंतूंना अडवतो, खातो. वैनगंगेच्या काठी झिरा उकरणारी बाई हीच गाळणी आडवी वापरते. धारेतलं पाणी रेतीतून वाट काढत तिच्या खड्ड्याकडे येतं.

मात्र शहराची गाळणी महिनोन् महिने मुरलेली असते आणि झिरा आज सकाळी उकरलेला असतो. धारेला अगदी खेटून, जाड रेतीत खड्डा केला तर पाण्याची वाट इतकी छोटी होते की जंतू सहज पार होतात. वरच्या अंगाला जनावरं बसत असतील, जवळ कुणी शौचाला जात असेल, तर झिऱ्याचं नितळ पाणी नाल्याच्या गढूळ पाण्याइतकंच घातक. झिरा पाणी निवळून देतो. त्यातले जंतू मारायचं काम उरतंच, आणि त्या कामाला झिऱ्याइतकी चांगली सुरुवात रानात दुसरी नाही.

ही गाळणी आज ट्रकांमधून निघून चालली आहे. वैनगंगेच्या रेतीघाटांवरून नागपूरकडे जाणारी रेती हा भंडाऱ्यातला रोजचा विषय आहे. चर्चा महसुलाची होते, चोरीची होते, रस्ते उखडल्याची होते. पात्रातली रेती गेली की त्या काठाची गाळणी जाते आणि उघड्या खडकावर झिरा उकरता येत नाही, याची चर्चा फारशी होत नाही. ती व्हायला हवी.

कापडातून पाणी गाळण्याची सवय महाराष्ट्राला जुनी आहे, आणि तिचं मोल राज्याला एका रोगाच्या निमित्तानं कळलेलं आहे. नारू. पायविहिरीत उतरून पाणी भरताना नारूच्या रोग्याचा पाय पाण्याला लागला की अळ्या पाण्यात सुटत, त्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या जीवाच्या पोटात जात आणि तो जीव पाण्याबरोबर माणसाच्या पोटात. औषध नव्हतं, लस नव्हती. पायविहिरी बुजवल्या, हातपंप बसवले, पाणी गाळून प्यायला शिकवलं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त जाहीर केला.

कापड जंतूही गाळतं का, याचं उत्तर बांगलादेशातून आलं. रीटा कोलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी मतलब भागातल्या ६५ खेड्यांत पाहणी केली. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतात, तेव्हा ते जीव अडवले की जंतूही बरेच अडतील, असा त्यांचा कयास होता. जुन्या सुती साडीची अनेक पदरी घडी घालून बायकांनी पाणी गाळलं आणि कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवी साडी मात्र चालली नाही. धुऊन धुऊन धाग्यांचं सूत फुललेलं असतं, त्यानं छिद्रं बारीक होतात. रानात जाणाऱ्यानं गळ्यातला जुना सुती दुपट्टा घरी ठेवू नये तो यासाठी. एकटा दुकटा जंतू त्यातून आरपार जातो, पण पुढच्या प्रत्येक उपायाचं काम दुपट्टा हलकं करतो.

गाळूनही पाणी मातकट राहिलं तर तुरटी. ती नसेल तर मध्य भारताच्या जंगलात एक झाडच आहे, त्याचं नाव निवळी. बी घागरीच्या आतल्या बाजूला घासायचं, पाणी भरायचं आणि हलवायचं नाही. मातीचे कण एकमेकांना धरून तळाला बसतात. संस्कृतात याला ‘कतक’ म्हणतात आणि सुश्रुतसंहितेत पाणी निवळण्याच्या उपायांत त्याचा उल्लेख आहे. ‘पाणी निवळणं’ ही क्रिया आणि ‘निवळी’ हे झाड मराठीत अशी शेजारी शेजारी उभी आहेत. पण निवळलेलं पाणी निर्जंतुक नसतं, आणि रानातले पोटाचे बहुतेक आजार हा फरक विसरल्यानं होतात.

भंडाऱ्याचं नाव ‘भाणा’वरून आलं असं सांगतात, भाणा म्हणजे पितळ. इथल्या पितळी भांड्यांचा लौकिक जुना आहे. पूर्वी यात्रेला निघालेल्या माणसाच्या हातात फिरकीचा तांब्या असे, घट्ट झाकणाचा, सांडू न देणारा. या तांब्याबद्दल २००५ मध्ये एक प्रयोग पुढे आला. इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठाचे रॉब रीड आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी पितळी आणि मातीच्या भांड्यांत ई. कोलाय हे विष्ठेतले जंतू असलेलं पाणी भरून ठेवलं. पितळी भांड्यातले जंतू घटत गेले आणि ४८ तासांनंतर सापडेनासे झाले. पितळेतलं तांबं अगदी सूक्ष्म प्रमाणात पाण्यात उतरतं आणि जंतूंना मारतं. २०१२ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी तांब्याच्या भांड्यात पाणी १६ तास ठेवून असाच परिणाम दाखवला. आतून कल्हई केली असेल तर पाण्याचा तांब्याशी संबंधच तुटतो, तेव्हा तिथं ही आशा धरू नये. आणि वेळ पाहा: सोळा तास, अठ्ठेचाळीस तास. मुक्कामाला हंडा भरून ठेवणाऱ्याला ते जमेल. दुपारी दोन वाजता आंबागडाच्या पायऱ्यांवर घसा कोरडा पडलेल्याला जमणार नाही.

त्याच्या हातात हल्ली फिल्टरची बाटली दिसते. पोकळ तंतूंच्या या गाळण्यांची छिद्रं ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. जिवाणू साधारण अर्ध्या मायक्रॉनहून मोठे, पोट बिघडवणाऱ्या जिआर्डिया या परजीवीच्या गाठी आठ-बारा मायक्रॉनच्या. हे सगळे अडतात. या गाळण्या अमेरिकेतल्या डोंगरदऱ्यांत फिरणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झाल्या. तिथं ओढ्याच्या वरच्या अंगाला बहुधा हरणं असतात. आपल्याकडे वरच्या अंगाला गाव असतं. माणसाच्या मैल्यातून येणारे कावीळ ‘अ’ आणि ‘ई’चे विषाणू ०.०३ मायक्रॉनच्या आसपासचे आहेत, म्हणजे गाळणीच्या छिद्रातून सहज निसटतात.

हे किती महाग पडतं ते दिल्लीनं १९५५ च्या डिसेंबरात पाहिलं. यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी नजफगड नाल्याचं सांडपाणी शिरलं. पाणीपुरवठ्याच्या लोकांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. टायफॉइडची साथ आली नाही. काविळीची आली, आणि २९ हजारांवर लोक पिवळे पडले. जिवाणू मेले होते, गढूळ पाण्यातले विषाणू तरले होते. ही साथ आज कावीळ ‘ई’ची म्हणून ओळखली जाते आणि ती ओळख पटवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासाचा मोठा भाग आहे.

भंडाऱ्याच्या बाबतीत हा धडा लांबचा नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून अंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळतं. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. धरणाचं पाणी मागे पसरलं तसं पूर्वी वाहून जाणारं हे पाणी तिथं थबकू लागलं. काठावर तंबू टाकायला ही जागा देखणी आहे. चूल मांडायला, सूर्यास्त बघायला जरूर जावं. पिण्याचं पाणी मात्र गावातून भरून न्यावं. पाण्यात नुसते जंतू असते तर उकळून भागलं असतं. शहराच्या सांडपाण्यात त्याखेरीजही पुष्कळ काही असतं.

जंतूंपुरतं बोलायचं तर उकळीला तोड नाही. जिवाणू, विषाणू, गाठी, सगळे मरतात. किती वेळ उकळावं यावर घरोघरी वाद होतात, वीस-वीस मिनिटं गॅस जाळला जातो. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर गेल्यास तीन मिनिटं. भंडारा अडीचशे मीटरच्या आसपास आणि राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रात कुठंही एका मिनिटाचा हिशेब बरोबर. थंड झालेलं पाणी बेचव लागलं तर दोन भांड्यांत चार वेळा उंचावरून ओतावं, हवा मिसळून चव परत येते.

अडचण वेगळीच आहे. अभयारण्यात आग पेटवायला वन्यजीव संरक्षण कायद्यानं १९७२ पासून बंदी आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्या काळात बाहेरच्या जंगलातही ठिणगी म्हणजे गुन्हा आणि पाप दोन्ही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठा न्याहाळायला येणाऱ्यांनी म्हणूनच सगळं पाणी घरून आणावं. समोरचा पाणवठा तहानलेल्या अस्वलाचा आणि रानगव्याचा आहे, तिथं बाटली बुडवायला उतरणं कुणाच्याच हिताचं नाही.

जिथं आग नाही तिथं क्लोरीन. गावात याचं नाव टीसीएल. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम, आणि मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घेतो. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. घरात त्याचं रूप म्हणजे आशाताईंनी दिलेली मेडिक्लोरची बाटली. गायमुखला महाशिवरात्रीला भरणाऱ्या यात्रेसारख्या गर्दीच्या जागी हजारोंचं पोट याच पावडरीवर सुखरूप राहतं. नागपूरच्या नीरी संस्थेनं, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, घरगुती विहिरींसाठी दुहेरी मडक्याची रीत सांगितली: आतल्या मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड रेती ओलसर करून भरायची, दोन्ही मडक्यांना भोक पाडून, तोंड बांधून ती विहिरीत पाण्याखाली मीटरभर सोडायची. क्लोरीन दोन-तीन आठवडे थोडं थोडं सुटत राहतं. मुक्कामाच्या जागी जुनी विहीर असेल तर गावकऱ्यांच्या मदतीनं हे करता येतं.

पाठीवरच्या सॅकसाठी गोळ्या आहेत. पाकिटावर एक गोळी किती लिटरला ते लिहिलेलं असतं आणि ते वाचावं लागतं, कारण घरच्या वीस लिटरच्या गोळीचा एक लिटरच्या बाटलीशी मेळ नाही. आधी गाळायचं, निवळायचं, मग गोळी. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीशीच झटापट करत संपतं. गोळी विरघळल्यावर निदान अर्धा तास थांबायचं, थंडीत त्याहून अधिक. झाकण थोडं सैल करून बाटली उलटी धरली की गोळीचं पाणी आट्यांमधून फिरतं. तोंड लागतं ती जागा एरवी कोरीच राहते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला जुमानत नाही. गाळणी त्याला अडवते आणि गाळणीतून निसटलेले विषाणू गोळी मारते, म्हणून दोन्ही एकामागून एक वापरणाऱ्याचं पोट शांत राहतं.

थंडीत एका जागी तळ असेल तर ऊनही कामाला येतं. बैरूतच्या आफतिम अक्रा यांनी १९८० च्या सुमारास हे मांडलं आणि पुढे स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी पक्कं केलं. स्वच्छ, रंगहीन, दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली नितळ पाण्यानं भरून सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची. आभाळ असेल तर दोन दिवस. श्रावणात याचा उपयोग नाही.

आंबागडाला जाणारे बहुतेक जण सकाळी चढतात आणि दुपारपर्यंत उतरतात. माणशी तीन लिटर पायथ्याच्या गावातूनच भरून घेतलं तर वर कशालाच हात लावावा लागत नाही. भरण्याआधी गावात विचारावं, कोणता हातपंप पिण्याचा. ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं यांपैकी कोणतं कार्ड मिळालंय हेही विचारावं. पाण्याची जागा किती धोक्याची, त्यावरून ते ठरतं.

आणि एक छोटी बाटली सोबत न्यावी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या के. एस. मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली, आता ती एच-टू-एस बाटली म्हणून मिळते. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. झिऱ्याचं, विहिरीचं, पंपाचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं, वर जागेचं नाव आणि तारीख लिहायची आणि उबेला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळतोय असं समजायचं. फिरायला आलेला तोवर नागपूरला, पुण्याला परतलेला असतो. त्यानं बाटलीचा फोटो त्या गावच्या जलसुरक्षकाला पाठवावा. ते पाणी तिथं उद्याही कुणीतरी भरणार आहे.